चूल कोणी पेटवली

आत्या,

आज रविवार. दुपारचे अडीच वाजलेत. यांना पेज भरवली, गोळ्या दिल्या, डाव्या कुशीवर वळवून पाठीला उशी लावली. आता तास-दीड तास हे झोपतील. मोरीत भांडी तशीच पडली आहेत आणि आज मी ती तशीच राहू देणार आहे. तुम्ही असतात तर दारातूनच म्हणाला असतात, "खरकट्यावर माश्या घोंगावतायत, आन ही बसलेय." तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी भांडी पडली की मला तुमचाच आवाज ऐकू येतो. सासूला आत्या म्हणायची आपल्या घरातली रीत होती. मी महाडची. लग्न होऊन आले तेव्हा मला ते विचित्र वाटायचं. आता दुसरी कुठलीच हाक सुचत नाही.

दोन वर्षांपूर्वी यांची उजवी बाजू गेली. मुंबईची नोकरी सुटलीच, वाडीवरचा चढ यांना कोण चढवणार, म्हणून पोलादपूरला एसटी स्टँडच्या मागे ज्या दोन खोल्यांत मी शाळेच्या नोकरीसाठी राहत होते, तिथेच यांची कॉट टाकली. सकाळी यांचं सगळं आवरायचं, यांच्याजवळ कामाच्या बाईला बसवायचं, शाळेत जाऊन दाखले आणि फॉर्म भरायचे, दुपारच्या सुट्टीत धावत येऊन भरवायचं, पुन्हा जायचं. पुढच्या वर्षी रिटायर होईन. लोक म्हणतात, मग आराम. मला आरामाची कल्पनाच करता येत नाही. मी थकले आहे आत्या, आणि हे सांगायला कोणी नाही. हे शब्द शोधत बसतात आणि त्यांना चार-पाचच सापडतात. म्हणून मी वाचते. वाचलेलं सांगायलाही कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

एका डॉक्टरने झोपेवर मोठं जाडजूड पुस्तक लिहिलंय. झोप का लागते, माणूस झोपला नाही तर त्याच्या मेंदूचं काय होतं, असलं. पुस्तक चांगलं आहे. मी रोज दोन पानं वाचते आणि तिसऱ्या पानावर मान खाली जाते, त्यामुळे लेखकाचं म्हणणं मला पटलेलं आहे असं समजायला हरकत नाही. फक्त तो सारखा लिहितो की सलग झोप घ्या. त्याच्या घरी कुशीवर वळवायचं माणूस नसावं. दुसरं पुस्तक बियाण्यांचं. एक बाई डोंगरातल्या गावांमधून फिरते, म्हाताऱ्या बायकांपाशी बसते आणि भाताची, नाचणीची, वरीची जुनी नावं लिहून घेते. तिने लिहिलंय की बियाणं राखेत घोळून ठेवलं की कीड लागत नाही. हे वाचताना मला तुमचं तोंड दिसलं. "कुठली राख ते लिवलंन काय? राखेराखेत फरक हाय." तिने लिहिलेलं नाही. मी मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहून ठेवलं, "कुठली राख?" पुस्तक लेकीचं आहे. ती रागावेल.

ही पुस्तकं तीच आणते. ठाण्याला असते, दोन महिन्यांनी एकदा वीर स्टेशनला रेल्वेतून उतरते आणि तिथून रिक्षा, मग एसटी करत पोहोचते. मागच्या वेळी पिशवीतून तिने चार पुस्तकं काढली. मुखपृष्ठावर मांजर, फुलांची बाग, पाव-केकचं दुकान.

"ही लहान मुलांची का गं?" मी विचारलं.

"नाही आई, खुनाची आहेत. याला कोझी मिस्टरी म्हणतात."

"कोझी म्हणजे?"

"म्हणजे उबदार. घरगुती."

"खून घरगुती?"

ती हसली. हेसुद्धा कॉटवरून अर्ध्या तोंडाने हसले. पण आत्या, खरोखरच घरगुती असतात हो. परदेशातलं एवढंसं गाव, आपल्या पोलादपूरपेक्षा लहान. तिथे दर दोन महिन्यांनी एक खून पडतो आणि तरी कोणी गाव सोडून जात नाही. रक्त नाही, मारझोड नाही. मेलेला माणूस बहुतेक वेळा कोणालाच नको असलेला असतो, त्यामुळे रडारडही फारशी नाही. शोध लावणारी बाई साठीच्या पुढची, एकटी, तब्येतीने ठणठणीत. मनात आलं की टोपी घालते आणि बाहेर पडते. मला खुनापेक्षा त्याचंच नवल वाटतं. तिच्यामागे कोणी हाक मारत नाही. चारही पुस्तकं मी तीन आठवड्यांत संपवली. यांना भरवताना एका हातात वाटी आणि मांडीवर पुस्तक. एकदा पेज यांच्या गळ्यावर सांडली आणि मला दोन ओळींनंतर कळलं.

त्यातल्या एका पुस्तकात मी खुनी चाळिसाव्या पानावर ओळखला. मेलेल्या बाईची भाची सांगते की त्या संध्याकाळी तिनेच मावशीला सूप करून दिलं. पुढे दोन पानांनी तीच भाची स्वयंपाकघरात जाते आणि पळी शोधत चार खण उघडते. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, हीच. शेवटी तीच निघाली. पण ती अक्कल माझी नव्हती, तुमची होती.

माझ्या वाचण्यावर तुमचा पहिला शब्द काय होता, तो मला अजून पाठ आहे. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. हे मुंबईला गावकीच्या खोलीत, एका खोलीत चौदा माणसं, तिथे बायकोला कुठून नेणार. मी कापडे गावाच्या वरच्या अंगाला आपल्या वाडीत, चुलीसमोर. माहेराहून आणलेलं एक रहस्यकथेचं पुस्तक मांडीवर होतं आणि तव्यावरची तांदळाची भाकरी काळी पडली. तुम्ही मागच्या दाराने आलात. "भाकरीचा कोळसा झाला आन ही वाचतेय! पुस्तक शिजवून वाढनार हायेस काय गो आमाला?" पुस्तक माझ्या हातातून घेतलंत आणि माळ्यावर, वाशांच्या मागे फेकलंत. तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मी रडले नाही. महाडची मुलगी, बारावी पास, मला वाटायचं या बाईला काय कळणार.

मग दोन वर्षांनी श्रावणात तुम्ही भातातलं तण बेणताना बांधावरून घसरलात. डोलीतून खाली रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपने महाडला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे हलायचं नाही. तुम्ही, ज्या कधी बसून जेवलाही नव्हतात, त्या पडवीत पडून. पहिला आठवडा तुम्ही आम्हा सगळ्यांना शिव्या देण्यात घालवलात. दुसऱ्या आठवड्यात शिव्या संपल्या. मी तुमच्याजवळ बसून तांदूळ निवडत होते. बाहेर पाऊस लागून राहिला होता. तुम्ही छपराकडे बघत म्हणालात, "ते तुझं पुस्तक हाय काय अजून माळ्यावर?"

"असेल."

"त्यात काय हाय?"

"खून आहे."

"कुनाचा?"

मी शिडी लावून पुस्तक काढलं. त्याला काजळी लागली होती. वाचायला सुरुवात केली. एक म्हातारा ठेकेदार, त्याच्या औषधात विष, घरात पाच माणसं. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मला वाटलं झोपलात, म्हणून थांबले, तर तुम्ही चिडून म्हणालात, "थांबलीस का?" तिसऱ्या दिवशी, पुस्तक अजून निम्मं व्हायचं होतं, तुम्ही हात वर केलात.

"त्यो कंपौंडर काय म्हनाला? पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. कंपाउंडर सांगतो की तो रात्रभर म्हाताऱ्याच्या उशाशी जागा होता आणि पहाटे त्यानेच चूल पेटवून पाणी तापवलं.

"आदल्या राती पाऊस व्हता. लाकडं वली. धूर झाला नसंल? घरात कुनी खोकलं नाय? चूल कोनी पेटवली ते ईचार आधी. ह्यानं नाय पेटवली."

पुस्तकातल्या डिटेक्टिव्हने कंपाउंडरला शेवटच्या प्रकरणात पकडलं, शाईच्या डागावरून. तुम्ही त्याला धुरावरून पकडलं होतंत, दीडशे पानं आधी. त्या दिवशी मी तुमच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. अंगठा उठवणारी बाई. मला जे कळत नव्हतं ते तुम्हाला कळत होतं, कारण घर कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक होतं आणि पुस्तक लिहिणाऱ्याला नव्हतं.

प्लास्टर निघालं तरी वाचन सुटलं नाही. हे शिमग्याला, गणपतीला आले की मुंबईच्या फुटपाथवरून रद्दीतली चार-सहा पुस्तकं आणायचे. दुपारी कामं उरकली की पडवीत बैठक. तुम्ही, मी, आणि शेजारच्या काकी. काकी आणि तुम्ही एकाच वर्षी वाडीत सुना म्हणून आलेल्या, चाळीस वर्षं एकमेकींच्या शेतात लावणीला वाकलेल्या. त्या गोष्टीत फार लक्ष द्यायच्या नाहीत. मध्येच विचारायच्या, "मेला तो कोन?" तुम्ही सांगायचात. दहा मिनिटांनी पुन्हा विचारायच्या. तुम्ही पुन्हा सांगायचात, न चिडता. मला तेव्हा वाटायचं, माझ्यावर एवढ्या खेकसणाऱ्या तुम्ही काकींशी एवढ्या शांत कशा. ती चार वर्षं चांगली होती आत्या. आपण दोघी कधी एकमेकींना माया वगैरे बोललो नाही, पण संध्याकाळी भाकऱ्या थापताना तुम्ही विचारायचात, "त्यो वकील उद्या काय करील गं?" आणि मला घरात असल्यासारखं वाटायचं.

मग काकींच्या घरी नवी सून आली आणि सत्यनारायण झाला. त्या सुनेचा कान चिघळला होता म्हणून तिने सोन्याच्या कुड्या काढून डबीत घातल्या आणि डबी पाण्याच्या हंड्यांवरच्या कोनाड्यात ठेवली. आलेल्या माणसांना पाणी द्यायचं काम माझ्याकडे होतं. संध्याकाळी डबी नव्हती. घर उलटंपालटं केलं, नाही सापडली. दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले तेव्हा बोलणं थांबलं. वळले आणि पाठीमागे कोणीतरी म्हणालं, "महाडवाली तीनदा आत गेलेली." लग्नाला सहा वर्षं झाली होती, कडेवर मूल होतं, तरी मी महाडवालीच.

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी होते. तुम्ही येऊन पाटावर बसलात.

"पानी आनाय तू कितींदा आत गेलीस?"

"तीनदा."

"डबी व्हती तवा कोनाड्यात?"

"मी बघितलं नाही."

"आन काकी कुठं व्हती तवा? भायेर का आत?"

"मला काय माहीत? आत्या, तुम्हीपण?"

"मी ईचारतेय तेवढं सांग. नीट आठव."

मी उठले. माझी लग्नातली ट्रंक ओढत तुमच्यासमोर आणली, उघडली आणि साड्या, परकर, पोरीची दुपटी, सगळं जमिनीवर फेकलं. "घ्या, बघा. पदरही झटकून दाखवू?" पोर रडायला लागली. तुम्ही त्या कपड्यांकडे बघितलंही नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढलंत आणि एवढंच म्हणालात, "झाक ती पेटी."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास तुम्ही बाहेर पडलात. ऊन वर आलं तेव्हा काकींच्या अंगणात माणसं जमली होती आणि तुमच्या हातात डबी होती. "पेंढ्याच्या उडवीत गावली," तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. कुड्या आत होत्या. काकींच्या सुनेने त्या मुठीत धरल्या आणि खाली बघत राहिली. कोणी काही विचारलं नाही. पण डबी आपल्या पायांनी कोनाड्यातून उडवीत जात नाही, हे वाडीतल्या लहान मुलालाही कळत होतं. दोन दिवसांत गोष्ट तयार झाली. महाडवालीनं घेतल्यान, सासूनं गुपचूप परत नेऊन दिल्यान. सासू असावी तर अशी, सुनेला पदराखाली घेतलंन. तुमचं नाव झालं. माझंही झालं.

मी तुम्हाला विचारलं होतं, "खरंच उडवीत सापडली?" तुम्ही म्हणालात, "गावली न्हवं? झालं तर मग." आपलं एक पुस्तक अर्ध्यावर होतं. दुपारी तुम्ही पडवीत येऊन बसलात, मी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवसांनी तुम्ही विचारलंत, "आज वाचायचं नाय काय?" मी म्हटलं, "मला वेळ नाही." तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

पण एक केलंत. कोयत्यांना धार लावायला म्हणून पोलादपूरला गेलात आणि उन्हाच्या परत आलात, चेहरा लाल, पायांवर धूळ. पिशवीतून कोयते काढलेत, मग वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक. स्टँडवरच्या पेपरवाल्याकडून घेतलेलं. आयुष्यात तुम्ही विकत घेतलेलं ते एकच पुस्तक असेल. मी कागद काढला. वर पांढऱ्या कोंबडीचं चित्र होतं आणि नाव होतं, घरगुती कुक्कुटपालन.

"हे कोंबड्यांचं आहे," मी म्हटलं. काय आवाज होता माझा तेव्हा. दगड बरा.

"मी त्याला खुनाचं दे म्हनलं. वर कोंबडी हाय ती मीपन बघितली. म्हनलं आत आसंल खून." तुम्ही पायांवरची धूळ झटकलीत. "नसला तर नसला. कोंबड्यांचं तर कोंबड्यांचं. वाच की."

मी ते पुस्तक फळीवर ठेवलं आणि पाणी आणायला निघून गेले.

पुढच्या जूनमध्ये मला शाळेत क्लार्कची जागा मिळाली आणि मी लेकीला घेऊन पोलादपूरला राहायला आले. वाडीतून सुटले, असंच मला वाटलं. तुम्ही बाजाराच्या दिवशी नाचणी, तांदळाची कणी, कधी कुळीथ घेऊन यायचात, उंबऱ्याशी टेकायचात, नातीच्या डोक्यावरून हात फिरवायचात आणि चारच्या गाडीने परत. खोलीत पुस्तकांची फळी होती, तिच्याकडे एकदा बघायचात. ओठ हलायचे, बोलायचा नाहीत. शेवटी तापाने महाडच्या दवाखान्यात तीन दिवस होतात. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला तिची मुलगी पेपर वाचून दाखवत होती. कुठल्या तरी अपघाताची, कुठल्या तरी बाजारभावाची बातमी. तुम्ही मोठ्या कष्टाने मान त्या बाजूला वळवलीत आणि ऐकत राहिलात. मी बघत होते. माझ्या पिशवीत पुस्तक होतं. मी ते काढलं नाही.

तुमचं दिवसकार्य झाल्यावर वाडीवरचं घर आवरताना ते कोंबड्यांचं पुस्तक सापडलं. उंदरांनी एक कोपरा खाल्ला होता. मी ते तिथेच जमिनीवर बसून सगळं वाचलं. कोंबडीला खुडूक कधी बसवावं, अंडी उजेडावर धरून कशी बघावीत, रोगी कोंबडी कशी ओळखावी. ती म्हणे कळपातून बाजूला होते आणि लपून बसते, आजार दाखवत नाही. गोष्टी-कादंबऱ्यांखेरीज शेवटपर्यंत वाचलेलं माझं ते पहिलं पुस्तक. माहितीची पुस्तकं मला तेव्हापासून आवडायला लागली, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. लोकांना मी सांगते की शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती म्हणून सवय लागली.

खरं मला कळलं तेव्हा तुम्हाला जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. काकीही गेल्या होत्या. त्यांची सून, आता तीही चाळिशीकडे झुकलेली, पोलादपूरच्या बाजारात भेटली. मला हाताला धरून दुकानाच्या कडेला नेलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, जसं काही ती मला बरीच वर्षं शोधत होती.

"वयनी, कुड्या उडवीत नव्हत्या. तुमच्या आत्या पहाटे आल्या नि म्हणाल्या, बियान्याची कनगी दाव. खांद्यापर्यंत हात घातला भातात. डबी निघाली. माझी फणी निघाली. सासूबाईंचा सोत्ताचा चष्मा, गुळाचा खडा, कुनाच्या पोराचं टोपडं. सगळं त्याच लपवून ठेवायच्या नि विसरायच्या. डोस्कं हललं व्हतं त्यांचं, आमाला कुनाला कळलं नव्हतं. आत्यांना कळलं."

आणि तुम्ही तिला शपथ घातलीत. म्हणालात, कोणाला कळलं तर बाधा झाली म्हणतील, भगताकडे नेऊन झोडपतील म्हातारीला. ती पोर, नवी नवरी, घाबरून हो म्हणाली. पण शहाणी होती. तिने विचारलं, "आन महाडवाल्या वयनींचं काय? लोक त्यांना बोलतील."

"मग काय म्हणाल्या आत्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, ती खंबीर हाय. ती सोसंल."

मी तशीच चालत घरी आले, भाजी दुकानात विसरून. म्हणजे तुम्ही चुलीपाशी माझी झडती घेत नव्हता. तुम्ही साक्ष काढत होतात, पुस्तकात काढतात तशी. काकी कुठे होती, बाहेर की आत. माझ्यावर तुमचा संशय एक क्षणही नव्हता. आणि तरीही तुम्ही माझ्यावर येऊ दिलंत. न कळून नव्हे, हिशेब करून. एका पारड्यात चाळीस वर्षांची मैत्रीण, जिचं डोकं हलायला लागलंय आणि जिला जायला दुसरं घर नाही. दुसऱ्या पारड्यात मी, तरणीताठी, शिकलेली. तुम्ही बरोबर तोललंत. मी कितीदा उलटसुलट करून बघितलंय, मलाही दुसरं काही सुचत नाही. फक्त मला सांगायला हवं होतं. मी कोणाला बोलले नसते. की बोलले असते? तेव्हाच्या मला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतात, म्हणून तेही ठामपणे म्हणवत नाही.

त्या उबदार पुस्तकांत शेवटी काय होतं माहीत आहे? सगळी माणसं एका खोलीत बसवतात. म्हातारी उभी राहते आणि एकेक करून सांगते, तू त्या दिवशी कुठे होतीस, तू काय लपवलंस. निर्दोष माणसाचं नाव सगळ्यांसमोर साफ होतं. ते प्रकरण मी दोनदा वाचते. तुम्ही कोडं सोडवलंत आणि खोलीत कोणालाच बसवलं नाहीत. पूर्वी मला याचा राग यायचा. आता राग यायलाही ताकद लागते. पण ते वाक्य जात नाही. ती सोसंल. तुमच्यानंतर सगळ्यांनीच ते धरलं. लेक म्हणते, आई मॅनेज करते. हेडमास्तर म्हणतात, बाईंना सांगा, त्या बघतील. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही धीराच्या आहात म्हणून स्पष्ट बोलतो. सगळ्यांना कसं कळतं कोण जाणे. मला एकदा तरी कोणीतरी म्हणायला हवं होतं, हिला नाही सोसणार, हिचं ओझं जरा उतरवा.

एक गोष्ट राहिली. त्याच वर्षी शिमग्याला हे आले तेव्हा गावभर झालेलं यांच्या कानावर गेलंच. रात्रीपर्यंतही थांबले नाहीत. भरदुपारी मागच्या परसात मला गाठलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग. तू घेतल्यास का? मी कुणाला सांगणार नाही." मारायला उठले असते तर बरं झालं असतं. ते इतक्या समजूतदारपणे विचारत होते की माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी म्हटलं, "हो. मीच घेतल्या."

रागाने म्हटलं. वाटलं, हे म्हणतील, चल, काहीतरीच काय बोलतेस. त्यांनी नुसती मान हलवली. संध्याकाळी काकींकडे गेले आणि त्यांच्या गोठ्याचं मोडलेलं दार नीट करून आले, कोणी न सांगता. पुढच्या खेपेला माझ्यासाठी कुड्या आणल्या. लहानशाच होत्या. त्यानंतर तीस वर्षांत एकदाही, भांडणातसुद्धा, त्या गोष्टीचा उच्चार केला नाही. चोर बायकोबरोबर यांनी सरळ, भल्या माणसासारखा संसार केला. आणि काकींच्या सुनेने मला खरं सांगितलं त्यालाही आता पंधरा वर्षं होतील.

हे जागे झालेत. डाव्या हाताने कॉटच्या लोखंडावर टकटक करतायत. आज दुपारी तरी सांगीन म्हणून बसले होते, आणि तुम्हाला लिहीत बसले. यांना अजून सांगितलेलं नाही, आत्या. दर वेळी वाटतं, आधी चहा होऊ दे.